पाठीवरची घडी

थोरलीने पेटी टेबलावर अशा थाटात ठेवली, की बँकेतली तिजोरीच उचलून आणली आहे असं वाटावं. पेटी पोलादी होती, लहान होती आणि तिला कुलूप होतं. जेवणं आटोपली होती. रविवार असल्यामुळे खाली लाँड्रीचं शटर बंद होतं, आणि वरच्या खोलीत सगळ्यांनी अशा जागा धरल्या होत्या की कोण कोणाच्या बाजूचं आहे ते न बोलता कळावं. थोरलीच्या शेजारी आत्या. धाकटा दाराजवळ, म्हणजे वेळ आली तर पळायला मोकळा. त्याची बायको, घरची सून, शाळेत गणित शिकवते. ती तपासायचे पेपर मांडीवर घेऊन खिडकीत बसली होती. बाबा कोपऱ्यातल्या स्टुलावर, जिथे ते लग्न झाल्यापासून घरातल्या प्रत्येक भांडणात बसत आले आहेत. आणि पलंगावर, पाठीशी उशा रचून, आई. जिच्याबद्दल बोलायचं होतं ती.

"ही कशाला आणलीस?" आईने विचारलं.

"तुझी औषधं यात राहतील," थोरली म्हणाली. "चावी आमच्यापैकी एकाकडे. पट्टी बदलायची वेळ झाली की तो काढून देईल."

"म्हणजे मी चोर."

"कोण म्हणतंय चोर? काळजीपोटी करतोय गं आम्ही."

"काळजीला कुलूप लावतात हे मला आजच कळलं."

आत्या खुदकन हसली. मग आपण कुठल्या बाजूला बसलो आहोत हे आठवून तिने चेहरा सरळ केला.

गेल्या आठवड्यात एका संध्याकाळी सून शाळेतून आली तेव्हा आई पांघरूण घेऊन घोरत होती, आणि ते घोरणं नेहमीचं नव्हतं. मध्येच थांबायचं, बऱ्याच वेळाने पुन्हा सुरू व्हायचं. हाक मारली, हलवलं, गालावर चापट्या मारल्या, पण डोळे उघडेनात. ओठ निळसर पडले होते. ॲम्ब्युलन्समधल्या माणसाने पापणी वर करून टाचणीच्या टोकाएवढी झालेली बाहुली पाहिली आणि विचारलं, "दुखण्यावर कुठलं जोरदार औषध चालू आहे का?" कातडीला चिकटवायची औषधाची पट्टी पाठीवरच होती. ती त्याने ओढून काढली, एक इंजेक्शन दिलं, आणि आई जागी झाली ती "बाजूला व्हा, शर्टांचा ढीग पडलाय" असं खेकसतच. आता हे हसत सांगता येतं. त्या संध्याकाळी बाबा ॲम्ब्युलन्सच्या पायरीवर चपला न घालता चढले होते.

हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांचं म्हणणं असं पडलं, की पट्टी नेहमीच्याच ताकदीची होती आणि एकच होती, तेव्हा वरून आणखी काहीतरी पोटात गेलं असावं, घरच्यांनी बघावं. घरच्यांनी बघितलं. आईच्या कपाटात, पट्टी सुरू होण्याआधीच्या गोळ्यांचं एक पाकीट निघालं, आणि ते भरलेलं असायला हवं होतं तर अर्धंअधिक रिकामं होतं.

"मी एकही खाल्लेली नाही," आईने हॉस्पिटलमध्ये सांगितलं होतं, घरी आल्यावर सांगितलं होतं, आणि आत्ता पुन्हा सांगितलं.

"बरं," थोरली म्हणाली.

त्या 'बरं'चा आईला फार राग आला. कोणी तिच्यावर ओरडलं असतं तर ती दुप्पट ओरडली असती. त्यात तिचा हात धरणारा या घरात कोणी नव्हता. पण सगळे तिच्याशी गोड बोलत होते. आजारी मुलाशी बोलावं तसं.

"आई, रागवू नकोस," धाकटा दारातून म्हणाला. "पण एवढं झाल्यावर ती पट्टीच बंद करून टाकली तर? दुसरं काहीतरी असेल ना. व्यायाम वगैरे."

"तू उचल माझी कंबर आणि कर व्यायाम."

"अगं, मी आपलं सुचवतोय."

"डॉक्टरांनी एकदम बंद करायचं नाही म्हणून सांगितलंय," सून पेपरांतून मान वर न करता म्हणाली. "अंगाला सवय झालेली असते. एकदम काढलं तर हाल होतात. म्हणून आता कमी ताकदीची लावलीय, आणि पुढचं हळूहळू ठरवायचं."

"तू कोणाच्या बाजूने आहेस?" धाकट्याने बायकोला विचारलं.

"डॉक्टरांच्या."

थोरलीला वाटत होतं की आपल्याला कोणी समजूनच घेत नाही. आई खोटं बोलते असं तिला म्हणायचं नव्हतं. तिला एवढंच वाटत होतं, की कळ असह्य झाली असेल, आईने एक गोळी घेतली असेल, मग दुसरी, आणि त्या गुंगीत किती घेतल्या ते तिचं तिलाच आठवत नसेल. यात आईचा काय दोष? धुलाईच्या खोलीत ओल्या फरशीवरून घसरल्यापासून, पाठीचं ऑपरेशन होऊनसुद्धा, ती कळ कमरेतून डाव्या पायात उतरायची ती उतरतच राहिली होती. या पट्टीमुळेच आई पुन्हा खाली काउंटरवर बसायला लागली होती, गिऱ्हाइकांची बटणं लावत आणि त्यांनाच दमात घेत. हे थोरलीला ठाऊक होतं. पण हॉस्पिटलमधून आल्यापासून ती बँकेत कर्जाच्या फायलींवर सह्या करता करता मध्येच घरी फोन लावायची, आणि कोणी उचलेपर्यंत तिचा जीव टांगणीला लागलेला असायचा. ती पेटी आईसाठी नव्हतीच, खरं म्हणजे. स्वतःला झोप लागावी म्हणून तिने ती आणली होती.

"चावी माझ्याकडे द्या," आत्या म्हणाली. "मी काय, रिकामीच असते. रोज येऊन जाईन."

"वन्सं, तुम्ही?" आई म्हणाली. "दुकानाच्या वाटणीवरून इतकी वर्षं माझ्याशी बोलत नव्हतात. आता रोज चावी घेऊन येणार?"

"वहिनी, जुनं काढू नकोस हं."

"मी काढत नाही. ते आपणहून वर येतं."

"बघ दादा, ही अशी बोलते," आत्याने बाबांकडे दाद मागितली.

बाबांनी कोणाकडेही पाहिलं नाही. ते आईच्या डाव्या पायाकडे बघत होते. पायाचा अंगठा आत वळला होता आणि तसाच ताठ राहिला होता. खोलीतल्या बाकी कोणाला त्याचा अर्थ कळला नसता.

आईला कळ आली होती. कमी ताकदीच्या पट्टीवर दुपार निभवायची म्हणजे कठीणच होतं, आणि आज तर चेहराही सांभाळायचा होता. कण्हलं तर म्हणणार, बघा, हिला औषधाची चटक लागली. नाही कण्हलं तर म्हणणार, बघा, औषध कमी केलं तरी हिचं काही अडत नाही. दुखणाऱ्या माणसाने नेमकं कसं दिसावं म्हणजे लोकांचा विश्वास बसतो, हे तिला इतक्या वर्षांत जमलं नव्हतं. म्हणून ती ओठ घट्ट मिटून पेटीकडे बघत राहिली. खालच्या काउंटरवरची आपली खुर्ची आता काही आपल्याला मिळत नाही, असं तिला पहिल्यांदाच वाटलं आणि ती घाबरली.

बाबा उठले. "येतो," असं म्हणून जिना उतरून गेले.

"हे बरंय," थोरली म्हणाली. "बोलायची वेळ आली की बाबा चालले खाली."

बाबांनी खाली दिवा लावला आणि इस्त्री चालू केली. त्यांना बोलता येत नव्हतं अशातला भाग नाही, पण त्यांचं एक वाक्य जुळेपर्यंत घरातली माणसं तीन विषय संपवून चौथ्यावर गेलेली असायची. इस्त्रीपाशी मात्र त्यांना सगळं सुचायचं. त्यांनी जुन्या सुती चादरीचा तुकडा घेतला, पाणी शिंपडलं, दुमडला, दाबला, पुन्हा दुमडला, पुन्हा दाबला, कापडाच्या पोटातून वाफ येईपर्यंत. याला घरात नुसतं 'घडी' म्हणत. ही त्यांच्या वडिलांची रीत. उभं राहून पोटऱ्या भरून आल्या की घडी. कान दुखला, घडी. थोरली परीक्षेत नापास झाली तेव्हा तिच्या उशीवर बाबांनी काही न बोलता घडी ठेवली होती, आणि धाकट्याचं पहिलं लग्न मोडलं त्या दिवशी तर दोन. आई हॉस्पिटलमधून आल्यापासून त्यांनी तिला हात लावायचीही हिंमत केली नव्हती. आज तिचा अंगठा बघवेना. त्यांनी एक घडी कमरेसाठी केली आणि एक मोठी, पाठीसाठी.

ते वर आले तेव्हा चर्चा चावीच्या दुसऱ्या जोडापर्यंत पोचली होती. कोणी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. बाबा घडी घेऊन येताहेत हे या घरात पंखा फिरण्यासारखं होतं, दिसायचंच नाही. आई कुशीवर वळली. बाबांनी पहिली घडी कमरेवर ठेवली. तिने डोळे मिटले आणि इतका वेळ धरून ठेवलेला श्वास सोडला.

"मानेखाली पण आखडलंय का? त्या दिवशीसारखं?" त्यांनी हळूच विचारलं.

"हं."

सून सहज बघत होती. गणिताच्या बाईंना सवय असते, की उत्तर चुकलेलं दिसतं पण नेमकी पायरी सापडत नाही, तेव्हा त्या कागदाकडे नुसत्याच बघत राहतात. आईच्या ब्लाउजचा गळा बाबांनी मागून थोडा खाली ओढला. खांद्याच्या हाडाखाली पट्टी दिसली, तिनेच लावलेली. एरवी ती दंडावर असायची. दंडावर पुरळ उठलं म्हणून गेल्या आठवड्यापासून सून ती पाठीवर लावत होती. बाबांच्या हातातल्या घडीतून वाफ निघत होती. आणि हॉस्पिटलमध्ये नर्सने विचारलेला एक प्रश्न सुनेला आठवला.

"बाबा, थांबा!"

ती ओरडली तशी सगळी खोली थांबली. पेपर जमिनीवर पसरले.

"ती ठेवू नका. कमरेवरची पण काढा. ताई, त्या नर्सने काय विचारलं होतं तुम्हाला? शेकण्याबद्दल?"

"गरम पाण्याची पिशवी, विजेवरचा पट्टा, असलं काही वापरता का, म्हणून," थोरली म्हणाली. "मी नाही म्हटलं. आपल्याकडे कुठे आहे तसलं काही..."

तिने बाबांच्या हातांकडे पाहिलं.

"त्या दिवशी तुम्ही पाठीवर ठेवली होती का, बाबा?" सुनेने विचारलं.

"मान आखडली होती तिची," बाबा म्हणाले. "निवली की बदलत होतो. दुपारभर. वरून पांघरूण घातलं होतं, गारवा लागू नये म्हणून. मग ती झोपली. मला वाटलं, आराम पडला. मग मी खाली गेलो." हे त्यांचं त्या वर्षातलं सगळ्यात लांब बोलणं असेल.

सुनेने दुखण्याच्या दवाखान्यातल्या, पट्टी लिहून देणाऱ्या डॉक्टरबाईंना फोन लावला. अडचण आली तर कधीही करा, असं त्यांनी सांगितलं होतं. फोन टेबलावर ठेवला, त्यांचा आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा. सुनेने सांगितलं ते त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"किती गरम असते ही घडी?"

"आम्हाला सवय आहे," धाकटा म्हणाला. "दुसऱ्याला चटका बसेल."

"मग बरोबर आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्या पट्टीतलं औषध कातडीतून थोडंथोडं आत जायचं असतं. वरून शेक दिला की ते भराभर आत जातं. तासातासाने जायचं ते एकदम गेलं. त्यावर तुम्ही शेक बदलत राहिलात. जीवावर बेतलं होतं तुमच्या आईच्या. मी तुम्हाला याबद्दल विचारलं होतं."

"मला विचारलं होतं," थोरली म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "मीच नाही म्हटलं. आधी नर्सला, मग तुम्हालाही."

"आत्ता त्यांना फार गुंगी आहे का? श्वास कसा आहे?"

"मी बोलतेय, डॉक्टर," आई म्हणाली. "श्वास चांगला आहे. डोकंही ठिकाणावर आहे."

"छान. पट्टीजवळ शेक नको, कधीच नको. आणि पट्टी आहे तोवर बाकी कुठेही शेकायचं ते कोमट, थोडा वेळ, मला विचारून. आज त्यांच्यावर नजर ठेवा. झोपेतून उठेनाशा झाल्या तर हॉस्पिटलमधून दिलेला, या औषधाची गुंगी उतरवणारा फवारा नाकात मारा आणि लगेच ॲम्ब्युलन्स बोलवा. या आठवड्यात त्यांना घेऊन या. दुखणं एवढं आहे तर नुसतं औषध कमी करून भागणार नाही, दुसरे उपायही बसवावे लागतील. आणि एक. त्या गोळ्यांचं काय?"

मग आत्याने घसा खाकरला.

"त्या मी घेतल्या," ती म्हणाली.

"काय?" सगळे एकदम.

"गुडघा किती दुखतो माझा, तुम्हाला काय ठाऊक! कोणी विचारतं का? वहिनीला त्या गोळ्यांनी बरं वाटायचं, मी बघत होते. नाहीतरी पडूनच होत्या. येता-जाता एखादी उचलायचे."

"आणि वर चावी स्वतःकडे मागत होतीस?" धाकटा म्हणाला.

"घाबरून मागितली रे! पाकीट सापडल्यापासून मला घास गिळत नाही. सांगू सांगू म्हणत होते, तर तुम्ही सगळे वहिनीच्याच मागे लागलात. मग सांगायचं राहूनच गेलं."

डॉक्टरबाईंनी आत्यालाही या आठवड्यात यायला सांगितलं, दुसऱ्याच्या नावचं औषध पुन्हा तोंडात घातलं तर काय होऊ शकतं ते आडपडदा न ठेवता सांगितलं, आणि फोन ठेवला. आत्या इतकी पडेल दिसत होती, की आईलाच तिची दया आली.

पण आईला खरं तर आनंद झाला होता. तो तिला लपवता येईना. मरता मरता वाचल्याचं आत्ता नीट कळलं होतं, नवऱ्याच्या हातून ते झालं हे कळलं होतं, आणि तरीही तिला आधी हसूच आलं.

"म्हणजे मी खरं बोलत होते," ती म्हणाली.

"हो, आई," थोरली म्हणाली.

"मोठ्याने म्हण. दारातल्याला ऐकू गेलं नाही."

"तू खरं बोलत होतीस." थोरली पलंगावर येऊन बसली आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. बँकेत जिचा दरारा आहे अशी बाई, नाक पुसायला तिने आईचाच पदर ओढला. "मी नर्सला नाही म्हटलं गं. माझ्या डोक्यातच आलं नाही. घडी म्हणजे शेक, असं मला कधी वाटलंच नाही."

"कोणाला वाटलं असतं? पट्टी पाठीवर सूनबाईने लावली, मान माझी आखडली, पाकीट वन्संनी रिकामं केलं. सगळ्यांनी मिळून केलेलं काम आहे. आपलं घर एरवी एकत्र येऊन काही करत नाही."

धाकटा हसला आणि अखेर दारातून आत आला. सुनेने पेपर गोळा केले, त्यातलं एक चुकलेलं उत्तर नीट बघितलं आणि त्याला उगाचच पूर्ण गुण देऊन टाकले.

"मग या पेटीचं काय करायचं?" धाकट्याने विचारलं.

"राहू दे," आई म्हणाली. "औषध जोरदार आहे, उघड्यावर नको. चावी माझ्याकडे, दुसरी हिच्याकडे." तिने सुनेकडे बोट दाखवलं. "पट्टी लावताना ही असेल, कधी लावली ते दोघींच्या लक्षात राहील. आणि वन्सं कपाटाच्या दिशेने चालायला लागल्या की सगळ्यांनी खोकायचं."

"वहिनी!"

"या गुरुवारी आपण दोघी मिळून डॉक्टरांकडे जाऊ. तुमचा गुडघा, माझी कंबर. रिक्षात भांडू."

आत्याने मान हलवली. तिला एकदम फार बरं वाटलं. इतक्या वर्षांत वहिनीबरोबर कुठे जायचं ठरलं नव्हतं.

"आणि खालची खुर्ची?" आईने विचारलं, आणि या एका प्रश्नात तिचा आवाज जरा हलला.

"ती कुठे जाणार आहे?" धाकटा म्हणाला. "कमी ताकदीवर जितकं बसवेल तितकं बस. पाठ टेकायची वेळ आली की मी वर आणून सोडतो. तू नसताना गिऱ्हाइकं फार लाडावलीत, सांगतो तुला."

एवढ्या गडबडीत बाबा खोलीत नाहीत हे आधी सुनेच्या लक्षात आलं. ती जिन्याच्या तोंडाशी गेली. खाली अंधार होता. दिवा न लावताच बाबा इस्त्रीसमोर उभे होते आणि इस्त्रीची पिन त्यांनी काढून हातात धरली होती. सुनेने त्यांना हाक मारली नाही. तिने आत येऊन सासूच्या कानात सांगितलं. मग काहीतरी कारण काढून सगळ्यांना चहासाठी स्वयंपाकघरात नेलं, आणि स्वयंपाकघर लहान असल्यामुळे तिथे लगेचच जागेवरून वाद सुरू झाला.

"अहो," आईने वरून हाक मारली. "वर या."

बाबा आले ते दारातच थांबले.

"मी आता इस्त्रीला हात लावणार नाही," ते म्हणाले.

"मग घरात कोणी खायचं नाही का?"

"थट्टा करू नकोस गं. मी स्वतः बदलत होतो घड्या. तू शांत झोपलीस म्हणून मी खूश होऊन खाली गेलो. खाली शिट्टी वाजवत होतो मी." त्यांनी दाराची चौकट धरली. "तू वर मरत होतीस."

आईला त्यांचा राग आला नव्हता, आणि त्याचंच तिला नवल वाटलं. कारण एरवी टॉवेल जागेवर नसला तरी यायचा. इतक्या वर्षांत कळ आली की सगळ्यांनी तिला विचारलं होतं, कुठे दुखतं, किती दुखतं, कालच्यापेक्षा जास्त का. या माणसाने कधी विचारलं नव्हतं. तो पायाचा अंगठा बघायचा आणि खाली जायचा.

"इकडे या," ती म्हणाली. "बसा."

ते पलंगाच्या कडेला बसले, पडू की काय अशा बेताने. ती कुशीवर वळली, पाठ त्यांच्याकडे.

"कमरेवर ठेवा."

"काय ठेवू? घडी नाहीये."

"हात ठेवा."

बाबांनी हात पुढे केला, मागे घेतला, पुन्हा पुढे केला. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांनी या पाठीवर किती कापडं दुमडून ठेवली असतील, पण मध्ये कापड नसताना तिच्या दुखऱ्या जागेवर त्यांनी कधीच हात ठेवला नव्हता. कमरेच्या खळग्यात, ऑपरेशनच्या वणाच्या जरा खाली, त्यांनी तळवा टेकवला. तिथलं मांस आतल्या आत थरथरत होतं. इतकं दुखतं हिला, हे त्यांना आज कळलं.

स्वयंपाकघरात आत्या आणि थोरली साखरेवरून भांडत होत्या.

"गार पडलाय तुमचा हात," आई म्हणाली.

"काढू?"

"राहू द्या."